दादाला दिलेले सहा झटके

रिसोडच्या शाळेच्या दारात आमच्या केनवडच्या घरचा सालदार धापा टाकत उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, चला. तुमच्या दादाले पान लागलं." सापानं डसलं होतं. मी पोहोचलो तेव्हा किसनदादा गेला होता. महिना झाला त्याला…

तसं त्याचं मरण मी आधी एकदा पाहिलं होतं. ऐन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमचे बा गेले. दादाच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोडी उधळवणारा हा गडी नंतर खाटेवरून उठेना, भाकर खाईना. वर्षभरानं एका भर दुपारी त्यानं गोठ्यात स्वतःच्या गळ्यावर विळा ओढला. विळा हिसकावताना माझी दोन बोटं कापली गेली. त्याच्या गळ्याची जखम भरली, पण तो भिंतीवर डोकं आपटू लागला. मीच त्याला बैलाच्या साखळीनं खांबाला बांधलं. भूत उतरवायला आलेल्या भगतानं निंबाच्या फोकांनी त्याची पाठ सोलली, तेव्हा मात्र साखळी सोडून मी त्याला नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं.

"नवा उपाय आहे," डॉक्टर म्हणाले. "डोक्यातून वीज सोडायची. तुम्ही खांदे धराल?" मी धरले. दातांत रबर, कानशिलांवर ओल्या पट्ट्या… कळ दाबताच दादाचं अंग ताठ झालं, मग मान कापलेल्या कोंबडीसारखं तडफडू लागलं. माझ्या हाताखाली त्याचा खांदा कडकन निखळला. "मारलं तुमी माह्या भावाले!" मी ओरडलो. श्वास चालू होता.

खांदा बसवून, एकेक दिवस मध्ये सोडून असे सहा झटके झाले. सहाव्यानंतर त्यानं स्वतः पेज मागितली. मग म्हणाला, "गजा, बा काहून नाई आले?"

ते सगळं वर्षच त्याच्या आठवणीतून पुसलं गेलं होतं. खोटं बोलावंसं वाटलं… "दादा, बा गेले. तूच अग्नी देला." त्यानं माझ्या थोबाडीत मारली. "खोटं बोलून राह्यला तू!" आणि मग असा हंबरडा फोडला, की सगळा वॉर्ड उठून बसला. मी त्याला रडताना प्रथमच पाहिलं.

त्यानंतर त्यानं पाच वर्षं शेत केलं. आठवण परतली नाही. दर रविवारी मी केनवडला गेलो, की ओट्यावर बसून म्हणे, "बाचं शेवटचं सांग." मी सांगे. विळ्याचं, साखळीचंही. साखळी आली, की म्हणे, "बरं केलं तू. पुढं सांग."

गेल्या रविवारी मी तिथंच बसून एकटाच बाचं शेवटचं सांगत होतो. वहिनी दाराशी आली, थबकली. मी उठायला लागलो. ती उंबऱ्यावर बसली. "सांगा ना, भाऊजी," ती म्हणाली. "पुढं सांगा."