ठिपक्याच्या पुढचा आवाज

गेल्या रविवारी बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर विकायला काढला होता. दहाला गिऱ्हाईक येणार म्हणून मी वाघोलीहून साडेनऊलाच सदाशिव पेठेत हजर... बाबांच्या तावडीत अनोळखी माणसाला एकटं सोडणं बरं नव्हे.

जाहिरात मी ऑनलाइन टाकली होती, पण मजकूर बाबांचा. ‘जपानी अ‍ॅम्प्लिफायर. सेकंडहँड घेतलेला, जपून वापरलेला. आवाज कमी येतो. हे मान्य असेल तरच यावे. घासाघीस करू नये.’ मी म्हटलं, अहो बाबा, दोष कुणी जाहिरातीत लिहितं का? तर म्हणाले, "मग काय, घरी बोलावून सांगू?"

हा अ‍ॅम्प आमच्याकडे आला तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. बाबांच्या बँकेतल्या एका साहेबांचा मुलगा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला निघाला होता, त्याने जाताना विकला. तेव्हा दुकानांतून परदेशी वस्तू नुकत्या दिसायला लागल्या होत्या, पण आमच्यासारख्यांनी त्या काचेबाहेरूनच बघायच्या. बाबांनी तो सोलापुरी चादरीत गुंडाळून स्कूटरवर पायांपाशी ठेवून आणला... आणि आई शेजारून रिक्षाने, नजर त्याच्यावर.

पहिल्याच दिवशी आईने नेलपॉलिशची बाटली काढली आणि आवाजाच्या नॉबशेजारी एक लाल ठिपका लावला. खाली आपटे काकू राहतात, त्यांना त्रास नको. नॉब ठिपक्यापर्यंतच, पुढे नाही. त्यानंतर दर रविवारी सकाळी बाबांची कॅसेट, आईचे पोहे आणि तो ठिपका... माझं अख्खं लहानपण त्या आवाजात गेलंय. तो ठिपका कधी कुणी ओलांडला नाही, दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा.

दोन वर्षांपासून मात्र बाबा कुरकुरायला लागले. मशीन म्हातारं झालं, दम राहिला नाही त्याच्यात. आई म्हणायची, मला तर होता तसाच वाटतो. त्यावर बाबांचं उत्तर ठरलेलं, "तुला गाण्यातलं काय कळतं?" मग हळूहळू त्यांनी लावणंच सोडलं. रविवारी सकाळी शब्दकोडं घेऊन बसायला लागले.

तर गिऱ्हाईक आलं. तिशी-पस्तिशीचा, मूळचा अकोल्याचा, हडपसरला आयटीत. जुनी बिघडलेली मशीनं घेऊन घरी दुरुस्त करायची, हा त्याचा छंद. चपला नीट लावून आत आला, तिथेच आईला पसंत पडला.

बाबांनी त्याला वायर कुठे, बटण कुठे, सगळं समजावलं. ठिपक्याचा कायदाही सांगितला. बासरीची एक जुनी कॅसेट लावली आणि "माहितीपुस्तक आणतो" म्हणून आतल्या खोलीत गेले. तेही जपून ठेवलेलं, अर्थातच.

त्याने थोडा वेळ ऐकलं. मग माझ्याकडे बघून, "ताई, जरासा वाढवून पाहतो हं," म्हणाला आणि नॉब ठिपक्याच्या पुढे नेला. आई स्वयंपाकघरातून झारा घेऊनच बाहेर आली.

तेवढ्यात बाबा आले. दारातच थांबले, पुस्तक हातात तसंच.

"कॅसेट बदललीत का?"

"नाही जी काकाजी. तीच आहे."

"मग... यात तंबोरा कुठून आला?"

त्या भल्या माणसाने नॉब हळूच ठिपक्यावर आणला आणि विचारलं, "आता येऊन राहिला का आवाज?" बाबांनी मान हलवली, नाही. पुन्हा पुढे नेला. "आता?" बाबा नुसते "हं" म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मला तर स्पष्ट ऐकू येत होता तंबोरा. ठिपक्यावरही.

बाबांनी हातातलं पुस्तक मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "उगीच नावं ठेवली त्या मशीनला." बास, एवढंच.

मला मागच्या महिन्यातला फोन आठवला. एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगावी लागली म्हणून मी वैतागले होते. "बाबा, लक्ष कुठे असतं तुमचं!" म्हणून फोन ठेवून दिला होता. आईसुद्धा म्हणायची, सोयीचं तेवढंच ऐकतात. आम्ही दोघी हसायचो. खूप लाज वाटली.

बाबा तरी म्हणालेच, शब्द दिलाय, घेऊन जा. तो पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाला, "मी तर बिघडलेलं मशीन न्यायला आलो होतो काकाजी. हे चांगलं निघालं, मी काय करू याचं?" हडपसरहून आला तसा रिकाम्या हाताने गेला बिचारा. नाही म्हणायला आईने लिंबाचं लोणचं दिलं.

तो गेल्यावर आई खाली आपटे काकूंकडे गेली, आवाज मोठा झाला म्हणून माफी मागायला. परत आली ती हसावं की रडावं अशा चेहऱ्याने. काकू म्हणाल्या होत्या, "अगं, कसला आवाज? तुमचं गाणं बंद होऊन तीन-चार वर्षं झाली ना? मला वाटलं, विकलंत."

बाबा कानाच्या डॉक्टरांकडे यायला तयार झालेत. तोवर आईने माझ्या लेकीचं निळं नेलपॉलिश मागवून घेतलंय. लाल ठिपक्याच्या बराच पुढे एक निळा ठिपका लागलाय... नियम हवाच. आता रविवारी मीही पोह्यांना जाणार आहे.

आणि त्या अकोल्याच्या भावाचे आभार कसे मानायचे ते कळत नाही. मशीन मुकाट्याने उचलून नेलं असतं, तर आम्हाला कधी कळलंही नसतं.

संध्याकाळी जाहिरात काढून टाकायला फोन उघडला आणि ती ओळ पुन्हा वाचली, ‘आवाज कमी येतो.’ दोन वर्षं बाबा आम्हाला हेच सांगत होते. आणि आम्ही त्याची जाहिरात दिली.