शांतताबाईंच्या फुल्या

आमच्या कक्षात अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवतात, आणि तिथे शांतताबाईंचा धाक बाळांपेक्षा मोठ्या माणसांनाच जास्त. हे नाव आम्ही बाकीच्या सिस्टरांनी त्यांना पाठीमागे ठेवलेलं. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही. बाईंनी खुर्च्यांच्या पायांना मोजे घातले. मोठ्या डॉक्टरांचे करकरणारे बूट दाराबाहेर काढायला लावले, ते बिचारे अजून मऊ सपातांवर राउंड घेतात. घरी यांच्या नवऱ्याला शिंकायलाही गॅलरीत जावं लागतं म्हणे. खरं-खोटं तो नवराच जाणे.

नजर मात्र बाईंचीच. किलोभराच्या जिवाला धड रडायचीही ताकद नसते. त्याला ताण येतोय हे मशीनच्या आधी बाईंना कळतं. बोटं ताठ फाकली, कपाळाला आठी पडली, उगाच उचक्या लागल्या, की बाई काचेच्या पेटीवरच्या कागदावर फुली मारतात. दिवसाला पाचांहून जास्त फुल्या झाल्या तर बाळाला बाहेर काढायचं नाही, हा त्यांचा नियम. डॉक्टरही तो निमूट पाळतात.

चार नंबरच्या पेटीतल्या मुलीच्या आईचा जीव या फुल्यांत अडकला होता. एकोणीस दिवस झाले तरी लेकीला तिने एकदाही छातीशी धरलं नव्हतं. वजन वाढत होतं, श्वास ठीक होता, डॉक्टर तयार होते. फुल्या मात्र रोज सात-आठ. बाई म्हणायच्या, उद्या बघू. ती मान हलवायची आणि पुन्हा स्टुलावर बसून लेकीकडे टक लावायची. मला तिच्याकडे बघवायचं नाही.

विसाव्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. तिच्या काहीतरी लक्षात आलं होतं, आणि ते बाईंना मी सांगावं अशी तिची विनंती होती. काय ते ऐकल्यावर मी सरळ कानांवर हात ठेवले. मग तीच बाईंकडे गेली.

"सिस्टर, रागावू नका," ती म्हणाली. "कोणी बोललं की तुम्ही इथे पेटीपाशी येऊन 'शूऽऽ' करता ना, तेव्हा तिची बोटं फाकतात. लोकांच्या बोलण्याने नाही फाकत."

मी औषधांच्या कपाटात तोंड खुपसलं. हसू काही केल्या आवरेना.

"अकरा वर्षं मी हेच करतेय," बाई म्हणाल्या.

"हो. आणि मी एकोणीस दिवस हेच बघतेय."

मग बाईंनी मला दारापाशी उभं करून बोलायला सांगितलं. बोलायला म्हणजे काय, मी माझ्या सासूबद्दल मनसोक्त बोलून घेतलं. पोरीची मूठ मिटलेलीच. मग बाई पेटीपाशी वाकल्या आणि शूऽऽ केलं, तेही अगदी हळू. पाचही बोटं ताडकन उघडली.

दुसऱ्यांदा करून बघायची गरज नव्हती. बाईंनी पेन काढलं, आणि कागदावरच्या फुल्यांपुढे बारीक अक्षरात लिहिलं, 'माझ्यामुळे'. त्यांचे डोळे भरून आले होते. माझं हसू कुठल्या कुठे पळालं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बाई सगळ्यांना हातवारे करून गप्प करत होत्या, चौकातल्या पोलिसासारख्या. दुपारपर्यंत दोनच फुल्या. बाईंनी नळ्या सांभाळत पोरीला उचललं आणि आईच्या उघड्या छातीवर अलगद ठेवलं. आई श्वास घ्यायचीच विसरली.

"किती वेळ धरू?" तिने कुजबुजत विचारलं.

बाईंचा हात सवयीने घड्याळाकडे गेला, आणि तिथेच थांबला.

"ते मला नका विचारू. तिला पुरे झालं की तुम्हालाच आधी कळेल. तुम्ही सांगा, मी लिहीन."

ती अडीच तास जागची हलली नाही. तिचे दोन्ही हात लेकीभोवती होते, म्हणून बाई शेजारी उभ्या राहून तिला घोटघोट पाणी पाजत होत्या.