एका भाकरीतले
शेजारी कारळाची चटणी कुटली की मला लातूरचं होस्टेल आठवतं. जवळच्याच मुरुडहून मी अकरावीला तिथं आले होते. आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते, मेसचा डबा खोलीत एकटीच खायची, आणि त्या शनिवारी कायमचं घरी जायचं म्हणून बॅगही भरली होती. सकाळी इंग्रजीच्या तासाला सरांनी विचारलं, "कंपॅनियन म्हणजे काय?" "सोबती," कुणीतरी म्हणालं. "बरोबर. मूळ लॅटिन आहे. कॉम म्हणजे सोबत, पानिस म्हणजे पाव. आपल्याकडं भाकरी म्हणा. एका भाकरीतलं खाणारे, ते कंपॅनियन." दुपारी मी डबा उघडला, तर समोरच्या खोलीतली, माझ्याच वर्गातली देवणी गावची मुलगी दारात उभी. "एकलीच काय खायलीस गं? सरक." तिनं न विचारता माझी भाकरी मोडली, अर्धी स्वतः घेतली आणि घरून आणलेली कारळाची चटणी माझ्या डब्यात वाढली. "सरांचं लई पटलं बघ मला," ती म्हणाली. मला रडू आलं. तिनं ते पाहिलं, पण जेवत राहिली. संध्याकाळची मुरुडची बस मी जाऊ दिली. आता माझी मुलगी परगावी शिकते. फोनवर जेवलीस का, हे विचारायच्या आधी मी तिला विचारते, "कुणाबरोबर जेवलीस?"