पाद्रीबाबांचा राग

रागावण्यात आमच्या पाद्रीबाबांचा हात धरणारा माणूस उभ्या पेडणे तालुक्यात नव्हता, आणि आपल्याच रागाशी इतक्या चिकाटीने भांडणाराही दुसरा कोणी मी पाहिला नाही. गोवा मुक्त होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा ते सासष्टीहून बदलून आमच्या गावच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, आले. इगर्जीचं आणि आमच्या परसाचं कुंपण एकच, त्यामुळे त्यांचे उपास, त्यांचं व्हायोलिन आणि त्यांचा राग या तिन्हींचा पहिला श्रोता मी. माडावर चढणाऱ्या पाडेल्याने कोवळा नारळ पाडला की राग, फुटबॉलच्या पंचाने शिट्टी उशिरा वाजवली की राग. गणेशचवथीला आमच्याकडे भजनाला ते मोठ्या हौसेने येऊन बसत. पण कान पडला व्हायोलिनवाल्याचा. एकदा अभंग ऐन रंगात आला असताना ते ताडकन उठले आणि सुरातून उतरलेला तबला वाजवणाऱ्या आमच्या मास्तरांवर कडाडले, "बंद करा! तबलो देंवला. देवाक कान आसात!" गणपतीसमोर असा ओरडा खाल्लेले मास्तर आमच्या गावात पहिलेच.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी हेच पाद्रीबाब मास्तरांच्या दारात हजर, हातात इगर्जीच्या बागेतल्या केळ्यांची फणी. हा त्यांचा शिरस्ताच होता. ज्याला बोलले त्याच्या घरी फणी घेऊन जायचं, मान खाली घालून "चुकलों" म्हणायचं आणि चहा पिऊन यायचं. पुढे पुढे कुणाच्या घरी केळी दिसली की शेजारीण विचारी, "कितें गो, काल तुमची पाळी काय?" केळीची झाडंही बिचारी दमली असतील.

रागावर त्यांनी एक उपाय काढला होता. राग येऊ लागला की तोंडात पाण्याचा घोट धरून ठेवायचा. फेस्ताच्या, म्हणजे इगर्जीच्या वार्षिक सणाच्या, सभेत मिरवणुकीतला खुरीस, म्हणजे क्रूस, कोणी धरायचा यावरून दोन मानकरी हमरीतुमरीवर आले. दोघांनीही पाद्रीबाबांना कौल मागितला. पाद्रीबाब गाल फुगवून, दोघांकडे पाहून नुसते मान हलवत राहिले. दोघेही आपलंच मान्य झालं असं समजून खूश होऊन घरी गेले, आणि फेस्ताच्या दिवशी तो एवढासा खुरीस दोघांनी दोन्हीकडून धरून गावभर मिरवला.

खरा घाव बसला तो पोदेराच्या बाबतीत. पोदेर म्हणजे सायकलवरून घरोघर पाव देणारा आमचा पाववाला. त्याची फेरी संपेपर्यंत आयतारच्या, म्हणजे रविवारच्या, प्रार्थनेचं मीस सुरू झालेलं असे, म्हणून तो हळूच मागच्या बाकावर येऊन बसे. एका आयतारी बाहेर टेकवलेली त्याची सायकल पडली आणि ऐन शेर्मांवात, म्हणजे पाद्रीबाबांच्या प्रवचनात, भोंगा वाजला. आल्तारावर, म्हणजे वेदीवर, पाण्याचा तांब्या नव्हता. पाद्रीबाब गरजले, "देवापरस तुका तुजे पाव व्हड?" पोदेर उठला आणि निघून गेला. पाद्रीबाबांचे पाव मात्र तो रोज पहाटे न बोलता खिडकीत ठेवी. पण इगर्जीत पाऊल टाकीना. स्वतःच्या आईच्या वर्साच्या, म्हणजे वर्षश्राद्धाच्या, मिसालाही आला नाही.

पाद्रीबाब अर्थातच केळी घेऊन त्याच्या भट्टीवर गेले, आणि केळी घेऊनच परत आले. आमच्या सोप्यावर बसून मला म्हणाले, "भाई, तो कितें म्हणालो आयकात. 'पाद्रीबाब, गाळी दिल्यो त्यो आल्तारावयल्यान, आनी केळीं हाडलीं ती फाटल्या दारान?'" मग फणी बाजूला ठेवून म्हणाले, "खरें सांगलें ताणें. म्हज्या आवाजाक भियेवन एक मेंढरूं पळून गेलें. देव माका हाचीच जाप विचारतलो."

पुढच्या आयतारी त्यांनी आल्तारावरून, सगळ्या गावासमोर, पोदेराची माफी मागितली. म्हाताऱ्या बाया रडल्या. आवरून बाहेर आल्यावर पाद्रीबाबांच्या लक्षात आलं की ज्याची माफी मागितली तो तिथे नव्हताच! तो येत नव्हता म्हणून तर सगळं झालं होतं. मी हसू दाबलं; ते मात्र विचारात पडले.

सोमवारी पहाटे भोंगा ऐकून मी दार उघडलं तर पोदेराच्या सायकलमागून झगा सावरत पाद्रीबाब चालत येत होते. घामाने निथळत होते. ज्या ज्या घराने ते बोलणं ऐकलं होतं किंवा त्याच्यावर चर्चा केली होती, म्हणजे हिंदू काय, किरिस्तांव काय, सगळ्याच घरांसमोर उभं राहून ते सांगत होते, "ह्या मनशाक हांवें वायट उलयलें. चूक म्हजी." पोदेर लाजून अर्धा झाला होता. आमच्या दारात तो सायकल टेकवून म्हणाला, "पुरो आतां, पाद्रीबाब. तुमचे पांय दुखतले." पाद्रीबाब म्हणाले, "दुखूं दी. आजून वाडो उरला."

पुढच्या आयतारी पोदेर आला, नेहमीप्रमाणे उशिराच. पाद्रीबाबांनी अर्धा झालेला शेर्मांव थांबवला, तो बसेपर्यंत वाट पाहिली आणि सगळा शेर्मांव पहिल्यापासून पुन्हा सुरू केला. असं तीन-चार आयतार झाल्यावर अख्खा गाव पोदेराकडे विनवण्या घेऊन गेला, की बाबा रे, आमचे पाव आयतारी हवं तर अंधारातच टाकत जा, पण वेळेवर ये.

मी पुढे देवळाच्या समितीवर बरीच वर्षं काढली. मान मिळवायला भांडणारे पुष्कळ पाहिले. ज्या जागेवरून चुकलो तिथेच उभं राहून "चुकलों" म्हणणारा दुसरा भेटला नाही.

पाद्रीबाबांच्या बदलीचा हुकूम त्याआधीच आला. म्हापशाच्या बसवर बसवून द्यायला मी गेलो होतो. न राहवून विचारलं, "पाद्रीबाब, राग गेलो न्हय आतां?"

ते हसले. "ना रे भाई, वचूंक ना. पूण पयलीं तो येवन गेल्या उपरांत माका कळटालो. आतां येता आसतना कळटा. इतलेंच जालें ह्या गांवांत."

बस वळणाआड गेली तरी मी थांब्यावर उभाच होतो. आपल्यावर ओरडणारं माणूस गेल्याचं इतकं वाईट वाटतं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं.