ट्रंक कॉलच्या मालूताई

मालूताई कुणाशीही बोलण्याआधी विचारत, "बोलू का?" आणि विचारून खरोखर थांबत. मासळीवालीला विचारत, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही विचारत. आपण "थोड्या वेळाने" म्हटलं तर रागावत नसत. पायरीवर टेकून समोरच्या सुरूच्या झाडांकडे बघत बसत. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायला मी रत्नागिरीला राहायला आले, तेव्हा पहिल्याच दुपारी त्या कुंपणापाशी उभ्या दिसल्या. मी कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होते. अर्ध्या तासाने बाहेर आले तर त्या तिथेच, हातात लोणच्याची वाटी.

"मगाशी तू लाइनवर होतीस गो," त्या म्हणाल्या. "लाइनवरच्या माणसाला हटकायचं नाही."

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून, परगावचे ट्रंक कॉल जोडून देण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्या काळाबद्दल बोलू लागल्या की त्यांचा आवाज आपोआप हळू होई. समोर मोठा बोर्ड, त्यावर एकेक दिवा लागायचा, खाडीत संध्याकाळी होड्यांचे दिवे लागावेत तसा. "एकेका दिव्यामागे एकेक माणूस थांबलेला असायचा. काही गावांची लाइन जोडली की बोलण्याआधी समुद्रच ऐकू यायचा. मी क्षणभर तोच ऐकत राहायची. मग विचारायची, मुंबईचा ट्रंक कॉल आहे, घेता का?"

आमची कंपनी तेव्हा एक छोटी पेटी तयार करत होती. मुलं मुंबईला आणि आईवडील गावी एकटे, अशा घरांसाठी. ती औषधाची आठवण करून द्यायची, मुलांचे निरोप वाचून दाखवायची, फोटो दाखवायची. माणसाने पेटीकडे सारखं बघत राहावं म्हणून आम्ही तिच्यात बरंच काही घातलं होतं. सुप्रभात, सुविचार, पाणी प्या, चार पावलं चाला. पहिली पेटी मी मोठ्या हौसेने लांज्याला माझ्या वडिलांकडे, अप्पांकडे ठेवून आले.

महिन्याभराने शेजाऱ्यांचा फोन आला. अप्पा चक्कर येऊन विहिरीजवळ पडले होते. मिळाली ती एसटी पकडून मी गेले. मनगट मोडलं होतं, बाकी थोडक्यात निभावलं होतं. रक्तदाबाची गोळी त्यांनी तीन दिवस घेतलेली नव्हती. पेटी जागेवर दिसेना. तेवढ्यात कपाटातून दबका, गोड आवाज आला, "आज आपण पुरेसं पाणी प्यायलात का?" कपाट उघडलं. जुन्या पंच्यात गुंडाळलेली पेटी तिथे एकटीच बोलत होती.

"दिवसभर टिवटिव गो तिची," अप्पा ओशाळून म्हणाले. "गोळीचं कधी बोलली आणि सुविचाराचं कधी, मला कळेनासं झालं."

परत आल्यावर मी मालूताईंच्या पायरीवर जाऊन रडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझ्या पेटीने अप्पांना एकदा तरी विचारलं का, घेता का म्हणून?"

त्यानंतरच्या कितीतरी दुपारी आम्ही दोघी पेटीच्या बोलण्याची यादी घेऊन बसलो. ऊन अंगणात पसरलेलं, भरतीचा आवाज लांबून येतोय, आणि मालूताई पेन्सिलीने एकेक ओळ खोडतायत. "हे थांबेल. हेही थांबेल. हे नसलं तरी चालेल." गोळीच्या ओळीशी मात्र त्यांची पेन्सिल थबकली. "हा लाइटनिंग कॉल. ह्याला सगळ्यांच्या आधी लाइन द्यायची. आणि उचलला नाही तर शेजारी कळवायचं."

नवी पेटी अशी झाली, की निरोप आला तर आवाज नाही, फक्त पिवळसर दिवा. माणूस बटण दाबेल तेव्हा निरोप उघडेल, तोवर दिवा शांत तेवत राहील. आवाज फक्त गोळीसाठी. आमचे साहेब चिडले. "अशाने लोक दिवसातून दोनदाच बघतील पेटीकडे!"

मी ते मालूताईंना सांगितलं. "मग झालं की," त्या म्हणाल्या. "निरोप पोचला, माणूस आपल्या कामाला गेला. आणखी काय हवं त्यांना?"

मी हेच वाक्य साहेबांना जसंच्या तसं ऐकवलं, आणि अप्पांच्या हाताचा फोटो पाठवला. बऱ्याच कुरकुरीनंतर लांज्यातल्या काही घरांपुरती परवानगी मिळाली. अप्पांनी पेटी देवघराशेजारी ठेवली. ती पुन्हा कपाटात गेली नाही.

पुढे मालूताईंना ऐकू येईनासं झालं. "इतकी वर्षं दुसऱ्यांचं ऐकलं, आता माझी लाइन मोकळी," म्हणत त्या हसायच्या. त्यांच्यासाठी मी निरोप मोठ्या अक्षरात दिसतील अशी पेटी करून दिली. मुंबईहून लेकीचा, सुनंदाचा, निरोप आला की दिवा लागे. पण त्या लगेच बटण दाबत नसत. खुर्ची दिव्याकडे वळवून बसून राहत. का, असं मी पाटीवर लिहून विचारलं, तर म्हणाल्या, "कुणीतरी माझ्यासाठी थांबलंय गो. जरा वेळ असू दे तसंच."

त्या गेल्या त्या चैत्रातल्या दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. सुनंदा आली तेव्हा दिवा तसाच तेवत होता. तिने बटण दाबलं. "आई, शनिवारी येतेय. चार दिवस राहीन."

"वाचलाच नाही तिने," सुनंदा म्हणाली. "दिव्याऐवजी अक्षरं आपोआप दिसली असती, तर?"

ती अक्षरं मीच बटणामागे ठेवली होती. मी जे पाहिलं होतं तेवढंच सांगितलं. त्या दुपारी दोनच्या सुमारास मी दोरीवरचे कपडे काढायला बाहेर आले, तेव्हा खिडकीतून मालूताई दिसल्या होत्या. खुर्ची दिव्याकडे वळवलेली, हात मांडीवर, आणि चेहरा असा हसरा, की जणू दारात कुणी आवडतं माणूस येऊन उभं आहे.

सुनंदा खाली बसली. "नक्की हसत होती?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. तिने मला तीनदा विचारलं, मी तीनदा सांगितलं.