इतिवृत्तातला एक शब्द

जानेवारी १९९७, रविवार सकाळ, नेरूळ. सोसायटीच्या सभेला अकरा सभासद हजर होते. विषय एकच, तिसऱ्या मजल्यावरच्या चाचींच्या मोडलेल्या मनगटाचा खर्च, सोळाशे चाळीस रुपये. मी खजिनदार, इतिवृत्तही मीच लिहायचो. लिहिलं, ‘जिन्यात चेंगराचेंगरी होऊन दुखापत झाली. खर्च सोसायटीने द्यावा. एकमताने मंजूर.’

आठवड्यापूर्वी दुपारी इमारतीत उग्र वास सुटला होता. खालून कुणीतरी ओरडलं, “तळोज्याच्या कारखान्यातला गॅस आला.” पंधरा-वीस माणसं जिन्याने धावत सुटली. मी चौथ्या मजल्यावरून निघालो. पुढे चाची कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. मी “सरका” म्हणालो आणि त्यांना ढकललं. त्या पडल्याचा आवाज आला, मी मागे पाहिलं नाही. वास होता पाण्याची टाकी धुण्याच्या ब्लीचिंग पावडरीचा. त्या पावडरीचं बिल मीच दोन दिवसांपूर्वी चुकतं केलं होतं.

सभेच्या संध्याकाळी माझी सातवीतली मुलगी वही घेऊन आली.

“बाबा, स्टॅम्पीड म्हणजे?”

“चेंगराचेंगरी.”

“शब्द कुठून आला तेही लिहायचंय.”

जाडा कोश काढला. मूळ स्पॅनिश, मेक्सिकोच्या गुराख्यांकडून इंग्रजीत आलेला. पहिला अर्थ, बुजलेल्या गुरांचं एकदम पळत सुटणं.

“म्हणजे गावाला बैल उधळतो तसं?”

“हो.”

“मग चेंगराचेंगरी कशी? ती खाली सापडतात त्यांची होते. पळणारे तर उधळलेले असतात.”

मी तिला दोन्ही शब्द लिहायला सांगितले. चेंगराचेंगरीत कुणी कुणाला ढकललेलं नसतं, म्हणून तर तो शब्द माझ्या पेनातून इतका सहज उतरला होता.

दुसऱ्या दिवशी खाली गेलो. चाचींचा हात प्लास्टरमध्ये होता. जे झालं ते सांगितलं.

“मना ठावूक हाय,” त्या म्हणाल्या. “‘सरका’ बोललास ना, मेंटेनन्स मागतोस तोच आवाज.”

“मग सभेत बोलला का नाहीत?”

“तू कधी बोलतोस, ते बघत व्हते.”

मी पाकीट काढलं. त्यांनी डाव्या हाताने ते मागे सारलं. “ते सोसायटीचे हायेत, त्यांना दे. माझ्या बांगड्या फुटल्या, त्या तेवढ्या आन. प्लास्टर निघाल्यावर.”

पुढच्या सभेत मी ती ओळ खोडून सही केली. खाली लिहिलं, ‘घाबरून पळताना खजिनदाराने ढकलल्यामुळे दुखापत झाली.’ वाचून दाखवलं. एकाने पंखा बंद केला, एवढंच.

सोसायटीला सोळाशे चाळीस रुपये भरले. पावती माझी मीच फाडली, सही अध्यक्षांची घेतली. चाचींना हिरव्या काचेच्या बांगड्या, एक डझन, चोवीस रुपये.