भिंत चालू हाय

"कुठं हाय आवाज? दाखव ना मना, कुठं हाय?"

बाळारामदादा जिन्याच्या तोंडाशी उभे राहून ओरडत होते आणि त्यांच्या आयुष्यातला पहिला भाडेकरू गॅसची शेगडी टेम्पोत चढवत होता. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात बिलं बनवणारा तो सज्जन माणूस आठव्या दिवशी खोली सोडून चालला होता. तोंड उघडण्यात अर्थ नाही हे त्याला आठ दिवसांत कळलं होतं. त्याने वरच्या मजल्यावरच्या खोलीकडे आणि तिला चिकटून असलेल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याकडे बोट दाखवलं. दोघांत एकच भिंत. पलीकडे अठ्ठेचाळीस लूम. दादांनी तिथल्या तिथे भिंतीवर तळहात टेकला, डोळे मिटले, आणि वैद्याने नाडी पाहावी तसे क्षणभर थांबले.

"ही कुठं बोंबलतंय? धडधडतंय नुसती. तुझ्या छातीतपन धडधडतंय. ती काय तू भंगारात घालतो?"

त्या माणसाने खरोखर छातीला हात लावून पाहिला. मग टेम्पोत बसला आणि गेला.

बाळारामदादा कोन गावचे. चाळीस वर्षं भिवंडीत जॉबर होते, म्हणजे कारखान्याकारखान्यांतून फिरून बिघडलेला लूम दुरुस्त करणारा माणूस. त्या चाळीस वर्षांत धोट्यांच्या खडखडाटाने त्यांचे दोन्ही कान इतके साफ केले होते की, जवळ फटाक्यांची माळ लावली तर ते विचारायचे, "धूर कसला रं?" स्वतःचा आवाज मात्र शाबूत. कोनला त्यांनी बायकोच्या कानात गुपित सांगितलं की लांब अंबाडी गावच्या बाजारातले लोक त्यावर मत देत. लूमचं दुखणं त्यांना कानाने कळायचं नाही, तळहाताने कळायचं. चालत्या लूमवर हात ठेवायचा आणि सांगायचं, "डाव्या बाजूचा नट ढिला हाय." उघडून पाहावं तर नट ढिलाच. मी एकदा गंमत म्हणून माझा खांदा पुढे केला. हात ठेवून म्हणाले, "रायटर, तू रातचा झोपत न्हाय." तेही खरं होतं.

रायटर म्हणजे मी. रजिस्ट्रेशन ऑफिसबाहेर टेबल टाकून भाडेकरार टाइप करतो. गावची जमीन गोदामवाल्याला गेली तेव्हा आलेल्या पैशांची अकरा चुलतभावांत वाटणी झाली. बाकीच्या दहांनी गाड्या घेतल्या, गच्च्या बांधल्या, एकाने तर दारात कारंजं बसवलं. ते पाणी आलं की उडतं, म्हणजे अजून उडालेलं नाही. दादांनी एक खोली घ्यायची ठरवली. रूम-किचन. भाडं येईल, त्यावर दोघांची चूल चालेल. मुलगा बदलापूरला, त्याचं घर चांगलं, सून चांगली, पण दादांचं एकच पालुपद. "पोराच्या हॉलमंदी गादी टाकून पडाचं न्हाय मना. सकाली उठून गादी गुंडालाची, आनि दिवसभर ती गादी आपल्याकडं बघत बसते."

खोली बघायला मीही गेलो होतो. इथे लूम शुक्रवारी बंद असतात, त्यामुळे कारखान्याला लागून असलेली खोली दलाल शुक्रवारीच दाखवतो. हे भिवंडीत शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पण दादांना दलालाने बिनदिक्कत मंगळवारी नेलं. दादा खोलीत शिरले, खिडकी पाहिली नाही, नळ सोडून पाहिला नाही. सरळ भिंतीला हात लावला आणि त्यांचा चेहरा फुलला.

"भिंत चालू हाय," ते म्हणाले. "जित्ती जागा हाय. कारखाना चालू म्हन्जे कामगार, कामगार म्हन्जे भाडेकरू. हितं खोली कवा रिकामी राहाची न्हाय."

हिरावहिनी, म्हणजे त्यांची बायको, कानांवर पदर दाबून जिन्यात उभी होती. तिने मला ओरडून विचारलं, "भाऊ, तुमी शिकलेलं हाव. कशी वाटतंय जागा?"

मला सगळं ऐकू येत होतं. दाढांपर्यंत येत होतं. पण तो दलाल महिन्याला दहा करार माझ्या टेबलावर आणायचा. मी म्हणालो, "चांगली आहे, वहिनी." त्या गोंगाटात तिला ते ऐकू गेलं नसावं अशी आशा मी बरीच वर्षं बाळगली. तिला गेलं होतं.

कामगार भाडेकरू आलेच नाहीत. बारा तास लूमपुढे उभा राहिलेला माणूस झोपायला लूमपासून जितका लांब जाता येईल तितका जातो, हे जॉबरला कधी सुचलं नाही, कारण जॉबर स्वतः लूमच्या धडधडीशिवाय झोपत नसे. आले ते बाहेरचे, आणि त्यांच्या कहाण्या अख्ख्या भिवंडीने ऐकल्या. एका बाईने रात्री दही लावलं, सकाळी भांड्यात ताक आणि वर लोण्याचा गोळा. एका म्हाताऱ्याची कवळी खिडकीतल्या वाटीतून निघाली आणि तिसऱ्या दिवशी जिन्याच्या चौथ्या पायरीवर सापडली. ती घराबाहेर पडली होती असंच तो शेवटपर्यंत म्हणत होता. एका शिकवणीवाल्याची मुलं पाढे लूमच्या ठेक्यावर म्हणायला लागली आणि सतराचा पाढा धोटा अडकावा तसा अडकायला लागला. अकरा महिन्यांचा करार मी त्या एका खोलीसाठी एका वर्षात पाच वेळा टाइप केला. दर वेळी दादा माझ्या टेबलापाशी यायचे आणि भर ऑफिसासमोर विचारायचे, "रायटर, लोकांना झालंय काय? सगल्यांचे कान खराब झालं का?"

मग खोलीला कुलूप लागलं. दादांनी मोठ्या कारखान्यात रखवालदारी मागितली. मालक म्हणाला, "चाचा, चोर आया तो सुनोगे कैसे?" हिरावहिनी दुसऱ्यांच्या शेतातली भाजी घेऊन कोनच्या नाक्यावर बसू लागली. बदलापूरहून फोन यायचे. फोन वहिनी घ्यायची आणि दादा तिच्या ओठांकडे बघत राहायचे.

"शुक्रवारी दाखवा," मी एके दिवशी कागदावर लिहून दिलं. ते वाचून दादांनी कागदाची घडी केली आणि माझ्या खिशात परत घातली.

"शुक्रवारची खोली दाखवून शनवारची भाड्यानं द्याची, ह्ये आपल्याला न्हाय जमाचं. लूमला पन मी कवा खोटा नट लावला न्हाय."

असे ते आठ महिने म्हणत राहिले. मग मुलगा एका रविवारी येऊन आईबापाच्या कपड्यांची ट्रंक बघून गेला, गाडीत मावते की नाही ते. त्याच आठवड्यात दादा माझ्या टेबलाशी आले आणि पहिल्यांदाच हळू बोलले. म्हणजे फक्त ऑफिसातल्या लोकांनी मान वर केली. "शुक्रवारी कोनी येत असंल तर आन."

मी आणलं. एक जोडपं, बाई बाळंतपणानंतर नुकतीच माहेरून आलेली, कडेवर तीन महिन्यांची मुलगी. खोली शांत, स्वच्छ, खिडकीतून ऊन. बाईला फार आवडली. जाताना ती दादांच्या अगदी समोर येऊन, ओठ नीट हलवून म्हणाली, "काका, इथे आवाज वगैरे नाही ना? हिची झोप फार हलकी आहे."

दादांनी भिंतीवर हात ठेवला. बंद कारखान्याची थंड भिंत. माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"न्हाय," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी सातला कारखाना सुरू झाला. नऊ वाजता ती बाई मुलीला घेऊन खाली उतरली. मुलगी रडून रडून निळी पडली होती. बाई ओरडली असती तर बरं झालं असतं, दादांना ओरडण्याची सवय होती. तिने किल्ली दादांच्या तळहातावर ठेवली, काहीतरी म्हणाली आणि रिक्षात बसली. तो हात कितीतरी वेळ तसाच उघडा होता.

"काय बोलली ती, रायटर?"

ती म्हणाली होती, "काका, मी तुम्हाला विचारलं होतं." मी दादांना सांगितलं, काही नाही, येते म्हणाली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा वेळ ठेवला, आणि काढून घेतला. त्यानंतर त्यांनी ती खोली कुणाला दाखवली नाही.

वर्षभरात कारखाना बंद पडला. कापडाला भाव नव्हता. अठ्ठेचाळीस लूम घणांनी फोडून वजनावर गेले. दादा तीन दिवस रस्त्यापलीकडे उभे राहून ते बघत होते. प्रत्येक लूम बाहेर आला की त्याची कुंडली सांगत. ह्याचा पट्टा मी बदलला, ह्यानं माझं बोट घेतलं, हा पावसाल्यात रुसाचा. चौथ्या दिवशी वर गेले, भिंतीला हात लावला. मी दारात होतो.

"मेली," ते म्हणाले, आणि हात खाली घ्यायला विसरले.

आता खोली शांत होती, पण दादांच्यात ती पुन्हा दाखवायची धमक राहिली नव्हती. मुलगा गाडी घेऊन आला. ट्रंक मावली.

बदलापूरच्या सोसायटीत पहिल्याच आठवड्यात तक्रार गेली की चारशे दोनमधले आजोबा फार मोठ्याने बोलतात. मुलाने ती वडिलांना वाचायला दिली. वाईट हेतू नव्हता त्याचा, ओरडून सांगण्यापेक्षा बरं म्हणून दिली. दादांनी ती दोनदा वाचली, घडी घातली, आणि बोलणं बंद केलं. ज्या माणसाचा आवाज कोनहून अंबाडीला जात असे, तो पाणी हवं तर पेला दाखवू लागला. वहिनी सांगते, रात्री ते हॉलमध्ये गादी भिंतीला लावून घ्यायचे आणि भिंतीवर तळहात ठेवून पडायचे. सिमेंटची गप्प भिंत. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी गादी गुंडाळायला ते उठले नाहीत.

दिवसकार्य आटपल्यावर वहिनी कोनला परत आली. म्हणाली, खोली भाड्याने द्यायची. मी गिऱ्हाईक आणलं, मुद्दाम बुधवारी. एक तरुण, रात्रपाळी करून दिवसा झोपणारा. त्याने नळ सोडून पाहिला, खिडकी उघडली, भिंतीवर टकटक केलं.

"काकी, खोली छान आहे. आवाज वगैरे कसला नाही ना?"

वहिनी त्या भिंतीकडे बघत होती. दादांचा हात जिथे टेकायचा तिथे चुन्यावर तेलकट पंजा उमटला होता.

"न्हाय," ती म्हणाली. "आता कसलाच न्हाय."